पाझर

मातीचं धरण पाझरतंच.
न पाझरणारं धरण मी कागदावरसुद्धा पाहिलेलं नाही.
किती पाझरतं, हे नंतर बघायचं.
आधी बघायचं, जाताना काय घेऊन जातं.

हे मी लोरेटाला सांगत होते आणि ती ऐकत होती.
तीस वर्षं तिला हे ठाऊक होतं,
तरी ऐकत होती,
कारण शिक्का माझ्याकडे होता.

लोरेटा येचेबारिया, विलो फोर्कची डिच रायडर.
आमच्याकडे पाटकरी म्हणतात, मी म्हटलं.
तिने शब्द जिभेवर घोळवला,
'ट'पाशी ठेच लागली, तिथेच ठेवून दिला.

ऑरेगनचा हा पूर्वेकडचा कोपरा.
आपणहून उगवतं ते फक्त सेजब्रश.
बाकी सगळं, कांदा, बीट, अल्फाल्फाचे हिरवे चौकोन,
या एका मातीच्या ढिगामागे अडवलेल्या
एप्रिलच्या वितळलेल्या बर्फाचं देणं लागतं.

ढिगाच्या पोटात चिकणमातीचा गाभा आहे.
तो तुडवायला यंत्र नव्हतं, असं ती सांगते.
तिच्या आजोबांचा कळप नऊ दिवस भाड्याने घेतला होता;
अकराशे मेंढ्या, सकाळ-संध्याकाळ,
ओल्या मातीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत.
माझ्या फाइलमध्ये गाभ्याची घनता आहे.
मेंढ्या नाहीत.

धरणाच्या पायथ्याशी एक पत्रा,
पत्र्याला खाच, खाचेतून पाझराची धार.
सोमवारी चार बोटं.
गुरुवारी सहा.
वरती पाऊस नाही, सव्वीस जूनपासून नाही.

तिने ट्रकमधून बरणी आणली,
झाकणाला अजून काकडीच्या लोणच्याचा वास.
धारेखाली धरली, भरली, उन्हाकडे उचलली.
नितळ, ती म्हणाली.
थांबू या, मी म्हणाले.

बरणी बॉनेटवर ठेवून आम्ही थांबलो.
बिजूच्या बिळांबद्दल बोललो, एका बिळात तिचा कोपरापर्यंत हात गेला होता.
धरणावर रुजलेला विलो
ती दर वर्षी स्वतः उपटते,
आणि दर वर्षी तिला वाईट वाटतं, याबद्दल.
तिने विचारलं, तुमच्याकडे पाणी कसं देतात?
पाळीने, मी म्हटलं. रात्रीची पाळी आली
की बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं.
दारं? कुणाच्या घराची?
मातीची, मी म्हटलं. फावड्याने उघडायची, फावड्याने लावायची.
ती हसली. मग सारखंच आहे, म्हणाली.

सूर्य खाली आला तेव्हा
बरणीच्या तळाला एक रेघ होती.
नखावरच्या मेंदीएवढी. कमीच.

मी काहीच बोलले नाही.
बोलायची गरज होती का, कुणास ठाऊक.
आठ फूट उतरवायचं म्हणजे
अल्फाल्फाची तिसरी कापणी गेली,
शेवटच्या चारीवरचे कांदे बोराएवढे राहणार,
आणि शेवटच्या चारीवरचे चाळीस एकर
तिचेच आहेत.

तिने वरचं पाणी हळूच ओतून दिलं,
तळाचा गाळ चिमटीत घेतला, चोळला, नाकाशी नेला.
"मेंढरं निघाली परतीला," ती म्हणाली.
मग पॅन्टला हात पुसला.

विमोचकाचं चाक जड आहे.
तिने मला हात लावू दिला नाही.
मी फेरे मोजत होते, एकोणीसपर्यंत मोजले,
मग खालून नदीचा आवाज बदलला
आणि आकडा सुटला.

तिचा फोन वाजत होता. खालच्या कुठल्यातरी शेतातून
कुणी विचारत असणार, शनिवारची पाळी आमचीच ना?
तिने पडद्यावरचं नाव वाचलं,
फोन पालथा करून
रिकाम्या बरणीशेजारी ठेवला,
आणि पुन्हा चाकाला भिडली.